फुलपात्राला सुटलेला घाम

सकाळपासून कोमलच्या पायाला भिंगरी लागली होती. पनवेलच्या कोळीवाड्यातली ती खोली केवढीशी, पण तेवढ्यात तिने मैलभर येरझाऱ्या घातल्या असतील. टेबलावरचा कॉम्प्युटर सुरू व्हायचा, दहा मिनिटं घरघरायचा आणि आपोआप बंद पडायचा. भिंतीवरचं घड्याळ मात्र मेलं एकदाही बंद पडत नव्हतं.

सुकापूरच्या एका बिल्डरला अजून न बांधलेले फ्लॅट पडद्यावर फिरवून दाखवणारं कुणीतरी हवं होतं. दोघांना नमुना करायला सांगितला होता. अर्ध्या मिनिटाची फिल्म, आज पाचच्या आत, आणि ज्याची चांगली त्याला नोकरी. कोमलचा फ्लॅट तयार होता, अगदी खिडकीतल्या तुळशीसकट. फक्त एकेक चित्र कॉम्प्युटरकडून पक्कं करून घ्यायचं होतं आणि तिच्या जुनाट प्रोसेसरला त्यासाठी सहा तास लागणार होते. सकाळचे दहा वाजले होते. साडेतीनला लोडशेडिंग.

मग तिने प्रोसेसरचा वेगच दीडपट करून टाकला. ओव्हरक्लॉकिंग. इंटरनेटवरची परदेशी पोरं हे असले पराक्रम रोज करतात आणि वर सल्लेही देतात, उंटावरून शेळ्या हाकायला त्यांचं काय जातं! वेग वाढला तसा प्रोसेसर तापला, पंचाण्णव अंशांवर गेला की स्वतःला बंद करू लागला. पंखा पुरेना म्हणून तिने तो काढला, तर त्याची प्लॅस्टिकची खीळच तुटली. दुष्काळात तेरावा महिना. आता मागे फिरायची सोयही उरली नाही.

पंख्याच्या जागी तिने सपाट बुडाचं तांब्याचं फुलपात्र बसवलं. कॉम्प्युटरचं कॅबिनेट आडवं केलं, प्रोसेसरवर उष्णता ओढून घेणारी पेस्ट लावली, फुलपात्र सुतळीने घट्ट बांधलं आणि त्यात बर्फ भरला. कोळ्याच्या घरात बर्फाला काय तोटा! वर मूठभर मीठ टाकलं. मिठाने बर्फ आणखी गार होतो, हे तिला इंटरनेटने नव्हे, आईच्या मासळीच्या पेटीने शिकवलं होतं. आकडा घसरत नऊ अंशांवर आला. कोमल एकटीच टाळ्या पिटत नाचली.

बाराव्या मिनिटाला पडदा काळा झाला.

फुलपात्राच्या बुडाशी पाणी साचलं होतं. गळतंय, असं म्हणून तिने ते सोडवलं, पुसलं, उजेडासमोर धरलं. भोक नव्हतं. पुन्हा बर्फ भरला, पुन्हा बाहेरून थेंब. तिला रडूच कोसळलं.

तेवढ्यात गुणाबाई, तिची आई, मासळी विकून परतली. रिकामी पाटी दाराशी टेकवून तिने आत डोकावलं.

"काय झालं गो?"

"भांडं गळतंय, आये. भोकच सापडत नाय."

गुणाबाईने फुलपात्रावरून बोट फिरवलं आणि हसलीच. "ते गळत नाय. घाम सुटलाय त्याला. बर्फ भरशील, वर मीठ घालशील, तर या मे महिन्यात घाम सुटणार नाय तर काय? माठातलं पानी भर. त्यानं पेला भायेरून कोरडाच रातो."

 प्रोसेसर गार करण्यावर कोमलने चाळीस पानं वाचली होती, नि हे एवढंसं कुठेच नव्हतं. प्रोसेसरखालचा बोर्ड पुसून उन्हात वाळवला, देवाचं नाव घेतलं आणि बटण दाबलं. चालू झाला! माठातलं पाणी ओतलं. आकडा साठावर टेकला, फुलपात्र बाहेरून कोरडं ठणठणीत. बारा वाजून वीस मिनिटं झाली होती; सकाळपासून तुकड्यातुकड्याने झालेली चित्रं सोडली तर अजून तीन तासांचं काम उरलं होतं.

पण दोन-तीन मिनिटांत पाणी तापायचं. तापलेलं पळीने काढायचं, गार घालायचं, थेंबही बाहेर सांडू द्यायचा नाही. कोमलच्या पहिल्याच पळीतलं पाणी बोर्डावर सांडता सांडता राहिलं.

"सर बाजूला," गुणाबाई म्हणाली. मासळीवर पाणी मारून तयार झालेला तीस वर्षांचा हात तो. दुपारी मोऱ्याच्या बंदरावरून तिचा माल यायचा होता, तो तिने शेजारणीला परस्पर उचलायला सांगितला आणि पदर खोचून कॅबिनेटशी बसली. तीन तास बसली. कोमल मात्र बसेना. पडद्याकडे बघायची, घड्याळाकडे बघायची, दारात जायची, परत यायची.

तीन चोवीसला शेवटचं चित्र पक्कं झालं. फिल्म उतरवायला कोमलने सीडी आत सरकवली आणि लाइट गेली. ठरल्या वेळेच्या पाच-सहा मिनिटं आधीच! आता येणार साडेसहाला.

"त्या बिल्डरकडं जनरेटर हाय ना? मग डबाच घेऊन चल," गुणाबाई म्हणाली.

"तिथं सुरू केला तरी पाणी घालावं लागेल."

"मग मी येते की."

कोमलला मुलाखत आठवली. पहिल्या मुलाखतीत मॅनेजर कृष्णकांत सरांनी विचारलं होतं, आई काय करते? "सीफूडचा बिझनेस आहे," ती म्हणाली होती, आणि वर पायावर पाय टाकून बसली होती. ताकाला जाऊन भांडं लपवायचं ते असं.

"तू दमलीस, आये. मीच ओतीन."

गुणाबाईने माठावर झाकण ठेवलं. "वासाचं म्हणतंस तर साडी बदलते मी. दोन मिंटं लागतील."

ती हे अगदी सहज म्हणाली, रुसली नाही की रागावली नाही. कोमलला मेल्याहून मेल्यासारखं झालं. याच साडीच्या पदराने तीन तास एकेक थेंब टिपला होता.

"नको बदलू," ती म्हणाली. "हाय तशीच चल."

कॅबिनेट मासळीच्या पाटीत गोणपाटावर बसलं, पाटी रिक्षात आणि माठातलं पाणी कॅनमध्ये. चार चाळीसला ते सगळं बिल्डरच्या एसी ऑफिसातल्या काचेच्या टेबलावर मांडलं गेलं. शिपायाने नाकाला रुमाल लावला. दुसरा उमेदवार इस्त्रीच्या शर्टात सीडी घेऊन बसला होता. कोमलने तिथला पडदा जोडून बटण दाबलं. गुणाबाईने पाणी ओतलं.

फिल्म सुरू झाली. दार उघडलं, हॉल आला, खिडकीत तुळस आली आणि तिच्यामागे खाडीचं पाणी उन्हात हललं. कृष्णकांत खुर्चीतून पुढे सरकले.

"पुन्हा लावा."

"थांबा, सायेब," गुणाबाई म्हणाली. "पानी तापलंय."

तिने पळीने पाणी काढलं, गार घातलं. तोवर अख्खं ऑफिस थांबलं. मग फिल्म पुन्हा लागली, आणि तिसऱ्यांदाही.

कृष्णकांतांनी फुलपात्राकडे बोट केलं. "ही आयडिया कोणाची?"

"हिची," गुणाबाई कोमलकडे हात दाखवत म्हणाली.

"आणि या कोण?" त्यांनी कोमलला विचारलं.

मुलाखतीसाठी कोमलने घासूनपुसून शुद्ध केलेली भाषा ऐन वेळी कुठे गेली कोण जाणे. तिने ती शोधलीही नाही.

"माझी आय हाय," ती म्हणाली. "मच्छी विकते."

कृष्णकांतांनी मान डोलावली. "सोमवारी दहाला या. इथे मशीन चांगलं आहे, पाणी घालायला लागणार नाही."

गुणाबाईने पदराने काच पुसली, टेबलावर पाण्याचा डाग राहू दिला नाही.