शटरचा तुकडा

“अजून एक?” माझ्या हातातली कडी बघून सुभेदार म्हणाले. “ताई, ही खोली आहे की तिजोरी?”

“गप्प बसा आणि बॅटरी नीट धरा,” मी म्हटलं. त्या व्हरांड्यात भर दिवसाही अंधारच.

दाराला कुलूप होतंच. त्याच्या वर मोठा बोल्टही मीच येऊन लावून गेले होते. आता खाली ही आडवी कडी. माझा सगळा जन्म कुलपं लावण्यात आणि हरवलेल्या किल्ल्या करून देण्यात गेला. कुणी घाबरलं की लाव कुलूप. वडिलांनी दुसरं औषध शिकवलंच नाही.

सुभेदार कुठल्या फौजेतले नव्हते. खांद्यावर चादरीची घडी टाकून ताठ चालायचे, म्हणून गल्लीनं दिलेलं नाव. कित्येक वर्षं ते माझ्या दुकानाच्या शटरला पाठ लावून झोपत. सकाळी मी आले की उठायचे, चादर झटकायचे, शटर उचलायला हात लावायचे आणि चालू पडायचे. आमच्या गल्लीत चोऱ्यांना काही तोटा नव्हता. समोरच्या औषधवाल्याचं शटर वाकवलं, शेजारच्या शिंप्याचं मशीन उचलून नेलं. माझ्या दुकानाला मात्र साधा ओरखडा नाही. लोकांना वाटायचं, हिची कुलपंच भारी. मीही मान डोलवायचे, धंदा आहे शेवटी! खरं कारण बाहेर चादर पांघरून घोरत असायचं.

मग गल्ली पाडून इमारती उभारायचं ठरलं. पहिली इमारत झाली, तिच्या तळमजल्यावर काही खोल्या रस्त्यावर राहणाऱ्यांसाठी ठेवल्या. बेघरांसाठी काम करणाऱ्या संस्थेतल्या एका पोरीनं खेटे घालून घालून सुभेदारांना त्यातली एक मिळवून दिली. किल्ली मी त्यांच्या हातावर ठेवली. ते ती नुसती उलटसुलट करून बघत राहिले आणि माझे डोळे भरून आले.

आणि हा बाबा झोपायचा कुठे? खोलीच्या बाहेर! व्हरांड्यात चादर अंथरून, स्वतःच्याच बंद दाराला पाठ लावून.

कडीचा शेवटचा स्क्रू पिळत होते तेवढ्यात इमारतीचे सेक्रेटरी जिन्यावरून उतरले. माणूस वाईट नाही, पण बोलताना छातीवर फाइल धरून बोलतो.

“मावशी, तुमचं ऐकतात म्हणून तुम्हालाच सांगतो,” ते म्हणाले. “आज रात्री हे कॅमेऱ्यात पुन्हा बाहेर दिसले, तर उद्या मीटिंग आहे. खोली काढून घेतील. मग मला बोल लावू नका.”

“अहो, झोपतोच ना माणूस! नाचतोय का?”

“माझ्या बहिणीच्या गळ्यातली चेन याच जिन्यात ओढली गेली. अजून ती एकटी खाली उतरत नाही. वरच्या बायकांना वाटतं, हा माणूस बाहेर आडवा पडून कोण कधी येतं-जातं ते बघतो.”

त्यांचंही काही खोटं नव्हतं.

ते गेल्यावर मी सुभेदारांवर उखडले. “तीन तीन कुलपं लावली तुमच्यासाठी! आता कसली भीती वाटते हो तुम्हाला? ती पोर तुमच्यापायी चपला झिजवून बसली आणि तुम्ही हातचं घर घालवायला निघालात!”

सुभेदारांनी बॅटरी विझवली. मग हळूच म्हणाले, “ताई, रागावू नका. तुम्ही कडी लावलीत की मला आणखीच झोप येत नाही. वाटतं, इतक्या कुलपांपलीकडे आहे तरी काय? पलीकडचं काही कळतच नाही.”

“म्हणजे?”

“शटरला पाठ असली की कुणी लांबून आलं तरी पत्रा थरथरतो. पाठीला आधी कळतं, मग डोळे उघडायचे की नाही ते आपण ठरवायचं. ही भिंत मुकी आहे हो. बाहेर झोपलं की निदान पावलं ऐकू येतात.”

मी कपाळाला हात लावला. इतक्या वर्षांत त्या पत्र्याला मी तेलपाणी केलं, रंग दिला. तो कुणाशी बोलत असेल असं मनातसुद्धा आलं नव्हतं. आणि नेमकं त्याच दिवशी, गल्लीतल्या उरलेल्या दुकानांबरोबर, माझंही दुकान पाडत होते.

धावत गेले. छप्पर उतरलं होतं, भिंत अर्धी. शटर टेम्पोत चढवत होते.

“थांबा! ते माझ्या वडिलांनी बसवलंय.”

“मावशी, सगळं भंगारात जायचंय,” ठेकेदाराचा माणूस म्हणाला.

“जाऊ दे. मला दारभर तुकडा काप, बाकी खुशाल ने.”

“घरी शोकेसमध्ये ठेवणार काय?”

“हो, आणि शेजारी तुझा फोटो!”

तो हसला, पण कापून दिला. कापताना ठिणग्या उडत होत्या आणि मला रडू फुटलं. कोपऱ्यावर वडिलांनी काढलेल्या किल्लीच्या चित्राचा निळा रंग अजून होता. तेवढा भाग मी मागून घेतला.

संध्याकाळी तो पत्रा सुभेदारांच्या दाराला आतून लावला. घट्ट नाही, मुद्दाम सैल, खुळखुळेल असा. आडवी कडी आणि बोल्ट काढून टाकले. आपलंच काम आपल्याच हातानं उचकटायचं, धंद्यात अशी वेळ प्रथमच आली. मग त्यांना आत दाराशी चादर अंथरून बसवलं आणि मी व्हरांड्यात चालून दाखवलं.

“कळलं का?”

“कळलं!” आतून आवाज आला. “डावा पाय ओढता तुम्ही, ताई.”

“पाय माझा आहे, तुम्ही झोपा!”

रात्रभर मात्र मीच तळमळले. उजाडताच गेले. व्हरांडा रिकामा. म्हातारा पुन्हा रस्त्यावर तर गेला नाही ना? सेक्रेटरी दूध घेऊन येत होते. त्यांनी रिकाम्या फरशीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“आत आहेत?” त्यांनी हळू आवाजात विचारलं.

मी दार वाजवलं. पत्रा खणखणला. मग आतून जाड, झोपाळू आवाज आला, “कोण आहे?”

इतकी वर्षं येणारा-जाणारा त्यांनाच हे विचारायचा. पोलीस विचारायचे, दुकानदार विचारायचे, पायानं ढोसूनसुद्धा विचारायचे.

“मी आहे, सुभेदार. किल्लीवाली.”

“थांबा हं ताई. उघडतो.”

सेक्रेटरी मान डोलावून जिना चढून गेले. माझ्या पिशवीत त्या दाराची दुसरी किल्ली होती. ती हाताला लागली, तशीच राहू दिली. आत चादर झटकल्याचा आवाज आला, मग सावकाश घडी घातल्याचा. मी बाहेर थांबून राहिले.