माझ्या मानेवरचा नंबर

"बाबा, ही गाडी चोरीची आहे का हो?"

मैत्रिणींनी पैज लावली होती म्हणून ठिणगीने हे विचारलं, तेही भर अंगणात, मोठ्ठ्याने. मैत्रिणी फाटकाआड तोंड दाबून हसत होत्या. बाबांच्या हातातला पाना खण्णकन खाली पडला.

मित्रांनो, ती गाडी म्हणजे मी. मी एक जुनी मोटारसायकल आहे. आणि खरं सांगू? उत्तर मलाही ठाऊक नव्हतं!

कारखान्यात माझ्या मानेवर, म्हणजे हँडलखालच्या लोखंडावर, एक लांबलचक नंबर ठोकला होता. मला तो शोभेचा तीळ वाटायचा. पुढे मी एका नर्सबाईंकडे आले. घरोघरी बाळंतपणं करायला आम्ही दोघीच जायचो. ऊन असो, चिखल असो, त्या माझ्या टाकीवर थाप मारून म्हणायच्या, "चल गं बये, कुणीतरी जन्माला यायचं खोळंबलंय!" काय रुबाब होता माझा!

मग बाईंचे गुडघे कुरकुरायला लागले. त्या बहिणीकडे राहायला गेल्या आणि मी मागच्या शेडमध्ये पडले. कोंबडी माझ्या सीटवर अंडी घालायची. एके दिवशी त्यांच्या भाच्याने मला भंगारवाल्याच्या टेम्पोत चढवलं. का, ते मला कुणी सांगितलं नाही.

तिथे ठिणगीच्या बाबांची नजर माझ्यावर पडली. "कागदांचं काय?" त्यांनी विचारलं. "मिळतील हो, कागद कुठे पळून जातात!" भंगारवाला म्हणाला. बाबांना तेवढं पुरलं.

त्यांनी मला घासलं, पोचे आलेल्या जागी लांबी, म्हणजे पुट्टी, भरली आणि वर लालभडक रंगाचे हात दिले. मी अशी नटले की विचारू नका! पण त्या हौसेत मानेवरचा नंबरही बुजून गेला. ते ना त्यांच्या लक्षात आलं, ना माझ्या.

कागद काही आले नाहीत, म्हणून बाबा मला परिवहन कार्यालयात घेऊन गेले. तिथल्या साहेबांनी माझ्या मानेवर बोट फिरवलं. "नंबर कुठाय?"

"होता की! रंगाखाली गेला असेल."

"चोरीच्या गाड्यांचेच नंबर असे गायब होतात. ही गाडी कुठली, हे आम्ही ओळखायचं कसं?"

मी चक्रावलेच. मी ढळढळीत समोर उभी, आणि हे विचारतात ही कोण! एका खिडकीवर म्हणाले, नंबर आणा, मग मूळ मालक सांगतो. दुसरीवर म्हणाले, मालक आणा, मग नंबराचं बघू. तिसरी खिडकी जेवायला गेली होती. एवढं मात्र सगळ्यांनी सांगितलं, की नंबर सापडला नाही तर गाडी जप्त.

घरी आई कडाडली, "पोलीस दारात यायच्या आधी हिचा निकाल लावा. नाहीतर आली तशी जाऊ दे भंगारात!"

तरी बाबांना रंग खरवडवेना. "अगं, आरशासारखा झालाय तो!"

"पण आरशात नंबर दिसत नाहीये ना, बाबा," म्हणत ठिणगीने पत्र्याचा तुकडा उचलला आणि घेतलं मला खरवडायला. लाल गेला, लांबी गेली, जुना काळा रंग गेला. मला गुदगुल्या होत होत्या आणि भीतीही वाटत होती. मग तिने पातळ कागद टेकवून वरून पेन्सिल घासली. एकेक आकडा कागदावर उमटत गेला. "आई, ये ना, बघ!" ती नाचायलाच लागली. तो तीळ म्हणजेच माझी ओळख होती, हे मला तेव्हा कळलं.

नंबरावरून नर्सबाईंचं नाव मिळालं. माझ्या चोरीची तक्रार कुठेच नव्हती, असंही पोलिसांनी सांगितलं. आता फक्त बाईंची सही हवी होती. कागदांशिवाय चालवायची नाही, म्हणून बापलेकीने मला ढकलत ढकलत त्यांच्या बहिणीच्या दारात नेलं.

बाईंनी आधी हॉर्न दाबला. मी बेंऽऽ करून ओरडले.

"हीच ती! शेळीचा घसा!" त्या खळखळून हसल्या. मग एकदम थांबल्या. "पण ही तर माझ्या शेडमध्ये होती ना? विकली कुणी?"

बाबा चाचरले. "भंगारवाला म्हणाला, तुमच्या भाच्याने... मला वाटलं, तुम्हाला विचारूनच..."

"मला कोण विचारतंय आता!" बाईंनी पदराने चष्मा पुसला. "जाऊ दे. मी तरी काय करणार हिचं? द्या कागद."

पेन टेकणार, तेवढ्यात ठिणगीने कागद खस्सकन ओढला. "थांबा, आजी. आज नको."

परतताना माझ्या डोक्यात नुसता गोंधळ. तक्रार नाही, म्हणजे मी चोरीची नाही. पण मालकिणीला न विचारता विकली, मग चोरीची नाही ती कशी? बाबांनी तर मला विकत घेतलं! पण ज्याने विकलं, त्याची तरी मी होते का? मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना तेल द्या, रंग द्या, जरूर द्या. पण त्याआधी एकदा विचारा, "ही कुणाची?" आमच्या तोंडाला कुलूप असतं हो!

अंगणात शिरताच बाबा तडकले. "हाताशी आलेली सही घालवलीस!"

"काय झालं?" आई ओले हात पुसत बाहेर आली.

ठिणगीने माझं हँडल घट्ट धरलं. "आई, बाबा, मी ठरवलंय. उद्या आजींकडे सही मागायला नाही जायचं, किल्ली परत द्यायला जायचं. आधी गाडी त्यांच्या हातात. मग त्या आपल्याला देऊ देत, नाहीतर ठेवून घेऊ देत. आणि मैत्रिणींना पैजेचं उत्तर मी आत्ताच सांगून येते. होती, थोडीशी चोरीची. उद्यापासून नसेल."