मोहाखाली वळताना

लॅपटॉपवरची बाई सकाळपासून पन्नासेक वेळा तरी वळली असेल, आणि दर वेळी झटका खाऊनच वळली होती.

मोहाच्या झाडाखाली वाकून ती फुलं वेचते. मागे पानं वाजतात. ती उठते, वळते, समोर वाघ. ती पळत नाही, पाठ दाखवत नाही, एकेक पाऊल मागे घेत निघून जाते. जंगलाकाठच्या गावांसाठी केलेली दोन मिनिटांची कार्टून फिल्म. तृप्ती नागपूरच्या एका स्टुडिओचं काम एकोडीच्या घरी बसून करायची, आणि ही फिल्म दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्याच गावच्या शाळेत दाखवायची होती. मोहफुलं गळू लागली होती. बाया जंगलात जायला लागल्या होत्या.

अडलं होतं ते वळण. पाठ, पाऊण पाठ, बाजू, पाऊण चेहरा, समोर, अशी पाच चित्रं तिने नीट काढली होती. पण मधली चित्रं भरली की नाक उडी मारायचं आणि सगळं अंग दाराच्या फळीसारखं एकदम फिरायचं.

अकरा वाजता स्टुडिओतून प्रवीणसरांचा फोन आला. "तृप्ती, पाच वाजेपर्यंत पाठव. नाही जमलं तर वळणच कापून टाकू. थेट समोरून दाखवू."

"वळण कापलं तर फिल्मच कायले दाखवायची, सर?"

"मग कर नीट," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

तृप्ती लॅपटॉप घेऊन उठली. आईने, शकुंतलाबाईंनी, तिला चपला घालताना पाहिलं.

"कोठी चालली?"

"रुखमाकाकूकडे."

शकुंतलाबाईंच्या हातातलं सूप थांबलं. "तिले नोको विचारू. दोन वर्षं झाले, वाघाबद्दल तोंडातून शब्द काढला नाही तिनं."

दोन वर्षांपूर्वी रुखमिणी आणि मंदाबाई मोह वेचायला गेल्या होत्या. रुखमिणी एकटी परत आली होती.

तृप्ती पोचली तेव्हा रुखमिणी अंगणात तांदूळ निवडत होती. तृप्तीने लॅपटॉप तिच्यापुढे ठेवला आणि फिल्म लावली. रुखमिणीने ती शेवटपर्यंत पाहिली.

"अशी फिरली असती तर मी मेली असती," ती म्हणाली.

"मग कशी फिरली, काकू?"

मग रुखमिणी उठली आणि अंगणाच्या मध्ये जाऊन भाताच्या तणसीच्या ढिगाकडे पाठ करून वाकली.

"मोबाईल चालू कर. मी थांबली तरी बंद करू नोको."

आधी तिचे हात थांबले. मग ती सावकाश सरळ झाली. डोळे कोपऱ्यात सरकले, हनुवटी जराशी खाली झुकून खांद्यावर आली, मागून खांदा निघाला. कंबर अजून तशीच होती. पाय तर जागचे हललेही नव्हते.

अर्ध्यात, बाजूचा चेहरा दिसत असताना, ती थांबली. नजर तणसीवर खिळली. गळ्याची शीर उडत होती. जाऊन तिला धरावं की उभं राहावं, तृप्तीला कळेना.

"काकू, राहू द्या."

"बोलू नोको."

मग कंबर फिरली आणि शेवटी एक पाय, दुसरा पाय. रुखमिणी पूर्ण समोर उभी राहिली, दोन पावलं मागे सरकली आणि मटकन खाली बसली.

"मंदा झटक्यात फिरली अन् पळाली," ती म्हणाली. "वाघ तिच्यामांगं गेला. माह्या तोंडातून हाक निंघाली नाही, पोरी. मी तिले थांब म्हनली नाही."

तृप्ती तिच्याजवळ बसून राहिली.

घरी आल्यावर तिने जुनी मधली चित्रं पुसून टाकली. डोकं वळताना सरळ रेषेत न जाता खाली झुकून वर येऊ दिलं. खांदा डोक्यामागून, कंबर खांद्यामागून, पाय सगळ्यात शेवटी. पाचला सात मिनिटं कमी असताना फिल्म गेली.

प्रवीणसरांचा लगेच फोन. "तीन सेकंद लागून राहिले फिरायले. एका सेकंदात आण. कार्टून आहे, लोक कंटाळतील."

"एका सेकंदात फिरलेली बाई वारली, सर."

पलीकडे फिल्म पुन्हा लागली, पानं वाजली.

"ठीक आहे," ते म्हणाले. "तसंच ठेवतो."

सकाळी शाळेची खोली बायांनी भरली होती. रुखमिणी दाराशी उभी राहिली, आत आली नाही. पडद्यावरची बाई वाकली, पानं वाजली. ती वळू लागली तशी कुजबूज थांबली. त्या तीन सेकंदांत तृप्ती पडद्याकडे नाही, लोकांकडे पाहत होती. कोणी हसलं नाही. पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीची मान पडद्यावरच्या बाईबरोबर हळूहळू वळत होती. ती निर्मलाबाई होती, मंदाबाईची सासू.

फिल्म संपल्यावर तीच आधी बोलली. "आमच्या मंदाले हे कोनी सांगतलं नव्हतं."

दारातून रुखमिणी आत आली, बायांच्या मधून वाट काढत पुढे गेली आणि निर्मलाबाईसमोर उभी राहिली.

"मलेही नव्हतं सांगतलं," ती म्हणाली. "भेवानं पळाले माहे पायच उचलले नाही, मामी. म्हनून वाचली."

निर्मलाबाईने वर पाहिलं. मग सतरंजीवर जराशी सरकून तिने बाजूला जागा केली.