ट्यूनिसच्या कुरणातला समुद्र

माझा मार्गदर्शक मेइंडर्ट चिखल खातो. ही निंदा नाही, आमच्या धंद्यात सगळेच खातात. गिरमिटानं जमिनीतून मातीची लांब कांडी उपसायची, गवतावर आडवी ठेवायची आणि तिच्यातली चिमूटभर पुढच्या दातांत धरायची. लोण्यासारखी सरकली तर चिकणमाती, कचकचली तर गाळ नाहीतर वाळू. मग पाच-सहा हजार वर्षांपूर्वी इथून कुठली नदी कशी वाहत होती ते वहीत लिहायचं. प्रयोगशाळेचा अहवाल तीन आठवड्यांनी येतो, दात लगेच सांगतात. मेइंडर्ट एकतीस वर्षं चावतोय आणि त्याचे दात चुकल्याचं कोणी ऐकलेलं नाही. निदान तो तरी तसं सांगतो.

चार वर्षांत मी चारशे बारा भोकं पाडली. प्रबंधाची तीन प्रकरणं झाली आणि तिन्ही मिळमिळीत. इथं नदी होती, मग ती तिकडे सरकली, मग पीट, म्हणजे कुजलेल्या झाडपाल्याची काळी माती, साचलं. आईनं वाचायला घेतली आणि पंधराव्या पानावर तिला झोप लागली. तिला दोष देत नाही, मलाही लागायची.

मग गेल्या उन्हाळ्यात ट्यूनिस नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या कुरणात मी तीन भोकं पाडली. लेक नावाच्या नदीच्या दक्षिणेला त्याची चाळीस गाईंची शेती आहे. तिथं वरच्या चिकणमातीखाली नुसतं काळं पीट लागायला हवं होतं. पण तिन्ही भोकांत मीटरभर खाली वाळू लागली, शिंपल्यांसकट. समुद्र तिथून पन्नास किलोमीटर लांब! मी मेइंडर्टला बोलावलं. त्यानं चिमूट तोंडात टाकली, डोळे मिटले, बराच वेळ चावली.

"योरिंदे," तो म्हणाला, "हा समुद्र आहे."

शिंपले वय काढायला पाठवले. उत्तर आलं, पाच हजार वर्षं. म्हणजे समुद्र इथवर घुसला होता आणि जगात कोणाला पत्ता नव्हता! मला चौथं प्रकरण मिळालं, आणि काय प्रकरण मिळालं! मेइंडर्ट वसंतात निवृत्त होणार होता. त्यानं निरोपाच्या व्याख्यानाचा विषय बदलून माझा समुद्र घेतला. माझा पीएचडीचा करार ऑगस्टमध्ये संपत होता. सगळं कसं जुळून आलं होतं.

नियमाप्रमाणे ट्यूनिसकडून अर्जही भरून घेतला होता. जमिनीत कधी भराव, कधी खोदकाम?

"आजोबांच्या काळापासून फावडंसुद्धा लागलेलं नाही," ट्यूनिस म्हणाला. सही करता करता थांबला. "हा कागद नगरपालिकेत जातो का?"

"नाही, विद्यापीठात."

"मग ठीक," म्हणून त्यानं सही ठोकली. मला वाटलं, म्हातारा सहज विचारतोय.

फेब्रुवारीत ट्यूनिस सत्तरीचा झाला. उन्हाळ्यापासून मी त्याच्या स्वयंपाकघरात कॉफी पीत होते, तेव्हा मलाही आमंत्रण आलं. बैठकीत खुर्च्यांचं रिंगण होतं. आमच्याकडे वाढदिवसाला सगळ्यांचंच अभिनंदन करतात, म्हणून मी एका टोकापासून सुरुवात करून सगळ्यांचे हात हातात घेतले, ट्यूनिसचं अभिनंदन केलं, बायकोचं केलं, मेव्हणीचं केलं, आणि ओळख ना पाळख अशा शेजारणीचंही केलं.

"ही कोण?" शेजारणीनं विचारलं.

"ही योरिंदे," ट्यूनिसची बायको याकोबा कौतुकानं म्हणाली. "हिनं आमच्या कुरणात समुद्र शोधून काढलाय. पाच हजार वर्षांचा."

"कुठल्या कुरणात?"

"मागच्या."

"तुमच्या मुलीचं, लिसेटचं पोनी पळवायचं मैदान होतं, तिथं?"

ट्यूनिस एकदम केकच्या बशीत बघायला लागला.

"अगं हो की!" याकोबा म्हणाली. "तिथंच होतं! ट्यूनिसचा पुतण्या तेव्हा बंदराच्या कामावर ट्रक चालवायचा. समुद्राच्या तळातून उपसलेली वाळू. त्यातली आणून टाकली, पोनीच्या पायांना मऊ. पुढं लिसेट शिकायला गेली, पोनी विकला, आणि ट्यूनिसनं चर उपसल्यावरची सगळी चिकणमाती वर पसरून दिली. परवानगी कुठं होती?"

"याकोबा!" ट्यूनिस ओरडला.

"काय याकोबा? तीस वर्षं झाली. आता कोण विचारतंय?"

"मी विचारलं होतं," मी म्हणाले. "कागदावर विचारलं होतं, ट्यूनिस!"

"पोरी, मला वाटलं दंडाचं काहीतरी आहे."

"मी तुमच्या डोळ्यांदेखत माती चावत होते! असा दंड वसूल करतात का?"

"नगरपालिकेचा काही नेम नाही," ट्यूनिस म्हणाला, आणि रिंगणातल्या चार जणांनी माना डोलावल्या.

याकोबानं मी न मागता केकचा दुसरा तुकडा माझ्या बशीत ठेवला. त्या घरात दुसरा तुकडा कोणाला मिळालेला मी पाहिला नव्हता. यावरून माझा चेहरा कसा झाला असेल ते समजावं.

दुसऱ्या दिवशी मी तिथं बावीस भोकं पाडली. मऊ पीटमध्ये वाळू आपल्याच वजनानं खचली होती, म्हणून इतकी खाली लागत होती. कडेला मात्र ती एकदम संपत होती, सुरीनं कापल्यासारखी. घरी येऊन नकाशा काढला. वीस मीटर रुंद, चाळीस मीटर लांब, पोनीच्या मैदानाएवढा नेमका चौकोन. समुद्र काटकोनात वळत नाही.

आठवडाभर तो नकाशा माझ्या पिशवीत होता. ट्यूनिस बोलणार नव्हताच, त्याला दंडाची भीती. वाळू खरी होती, शिंपले खरोखरच पाच हजार वर्षांचे होते. मी एकही खोटा आकडा लिहिला नव्हता. रोज ठरवायची, उद्या सांगू, आणि रोज मेइंडर्ट दिसला की दुसऱ्या जिन्यानं जायची. लाज वाटत होती. भीती त्याहून जास्त.

शेवटी सोमवारी त्याच्या टेबलावर नकाशा ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. पोनीसकट.

"वीस बाय चाळीस," मेइंडर्ट म्हणाला. मग म्हणाला, "मी चावून सांगितलं होतं, समुद्र आहे."

"वाळू समुद्रातलीच होती, मेइंडर्ट. दात चुकले नाहीत. फक्त ती ट्रकमधून आली."

तो हसेल असं वाटलं होतं. हसला नाही.

"विद्यापीठात हे कोणाला ठाऊक आहे?"

"कोणालाच नाही."

"म्हणजे तू गप्प बसली असतीस तर मी टाळ्या घेऊन घरी गेलो असतो आणि तू ऑगस्टमध्ये डॉक्टर झाली असतीस."

"हो."

"मग का नाही बसलीस?"

"दहा वर्षांनी दुसरी कोणीतरी माझा प्रबंध हातात घेऊन शेजारच्या कुरणात भोकं पाडत बसेल," मी म्हणाले. "तिला समुद्र सापडणार नाही, आणि तिला वाटेल, आपलंच काहीतरी चुकतंय."

मेइंडर्टनं खणातून कोरा कागद काढला. विभागप्रमुखांना मुदतवाढीची पत्रं तो हातानंच लिहितो. लिहून झाल्यावर कागद माझ्याकडे सरकवला.

'योरिंदेला आणखी सहा महिने द्यावेत. तिच्याकडे एक समुद्र होता. तो खोटा आहे हे तिनंच शोधलं आणि स्वतः येऊन सांगितलं. मी तो तपासला होता, मला ओळखता आला नाही. माझ्या व्याख्यानात मी हेच सांगणार आहे.'

खाली सही. मी ते दोनदा वाचलं आणि तिथंच, त्याच्या टेबलापाशी, रडायला लागले.

"कागद ओला करू नकोस," मेइंडर्ट म्हणाला. "हे दुसऱ्यांदा लिहायचं धैर्य माझ्यात नाही."