दोरीचं दुसरं टोक

नगरपरिषदेच्या माणसाने बबिताच्या प्लॉटच्या मधोमध टाचेने खूण केली. "इथं एक खड्डा," तो सोबतच्या मजुराला म्हणाला.

बबिता गवत काढायला आली होती. विळा हातात तसाच धरून तिने विचारलं, "कायचा खड्डा?"

"झोपाळ्याचा, बाई. सोमवारपासून पोरायचा बगिचा होऊन राह्यला इथं."

जागा माझी आहे, असं तिने सांगितलं. तो माणूस चिडला नाही. लेआउट पाडताना थोडी जागा सगळ्यांसाठी मोकळी सोडावी लागते, ती कोणाला विकता येत नाही, आणि या लेआउटमधली ती जागा हीच, असं त्याने शांतपणे समजावलं. जाताना म्हणाला, "ज्यानं तुमाले इकली, त्याले इचारा."

विकली होती तिच्या मोठ्या भावाने, प्लॉटची दलाली करणाऱ्या लखनने.

बबिता दिग्रसच्या बसस्टँडमागे शाळेचे गणवेश शिवायची. प्लॉटचा नाद तिला लखननेच लावला. आधी लहान घे, रस्ता होऊ दे, मग वीक, आलेला पैसा पडून राहू देऊ नको, हे सगळं त्याने शिकवलं. पहिला प्लॉट चांगल्या किमतीला गेला, तेव्हा तांड्यातल्या बाया तिच्याकडे सल्ला मागायला येऊ लागल्या. तिला ते आवडायचं. त्या पैशात शिलाईची सगळी शिल्लक घालून तिने ही जागा घेतली. खाली स्वतःचं दुकान, वर राहायला दोन खोल्या.

नकाशा पाहायचं तिच्या मनातही आलं नव्हतं. तिच्या तांड्यात जमीन मोजताना दोरीचं दुसरं टोक रक्ताच्या नात्यातला किंवा घरोब्याचा माणूस धरतो, आणि त्याने धरलं की कागद कोणी मागत नाही. लखनने टोक धरलं होतं, नारळ फोडला होता. खरेदीखत सावकाश करू म्हणाला होता.

तिने त्याला फोन केला. त्यालाही कोणीतरी फसवलं असेल, अशी तिला आशा होती.

दुपारी तो मोटारसायकलवर आला. मागे कौसल्या बसलेली. कौसल्या कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होती, बबिताच्याच गल्लीत राहायची. तिला तिथेच थांबवून लखन बबिताला बाभळीखाली घेऊन गेला. बगिच्याचं कोणाला कळायच्या आत जागा कौसल्याला देऊन मोकळी हो, असं त्याचं म्हणणं होतं.

"तुले माईत होतं, भिया?"

लखनने रुमालाने मान पुसली. "धंद्यात असं होत राह्यते."

"माईत होतं का, येवढंच सांग."

"लेआउटवाल्यानं मले दलालीच्या पैशाबदली हीच जागा देल्ली. मी कोनाले इकू? परका माणूस नकाशा मागते."

तेवढ्यात कौसल्या पिशवी सावरत जवळ आली. "दुकानाची जागा मले देऊन राह्यली, मोठं मन आहे बापा तुयं. मी लखनभाऊले म्हटलं, बबितानं घेतलेली जागा म्हंजे पाहाचंच काम नाई."

लखनने डिकीतून दोरी काढली. बबिताची जागा मोजतानाची तीच, निळी. एक टोक त्याने बबितापुढे धरलं. सवयीने तिने ते घेतलं आणि चालत कोपऱ्यापर्यंत गेली. कौसल्याने पिशवीतून नारळ काढला.

"ताण," लखन म्हणाला.

दोरी ताणली गेली. त्याच्या हाताची ओढ तिला बोटांत जाणवली. मग तिने टोक खाली ठेवलं.

"कौसल्या, नारळ पिशवीत ठेव. ही जागा पोरायच्या झोपाळ्याची आहे. माही नाई, तुहीबी होनार नाई."

"बबिता, तुये पैसे जातीन," लखन म्हणाला.

"गेले ते."

कौसल्याने एकदा त्याच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं आणि नारळ पिशवीत ठेवला. बबिताने विळा उचलला आणि राहिलेलं गवत कापायला बसली. पोरांच्या पायात काटे जायला नकोत.

मागे लखन दोरी गुंडाळत होता. तिचं मोकळं टोक गवतात अडकत, सुटत, त्याच्याकडे सरकत गेलं.