मागे बसणारीचे हात

दुकानातल्या लाकडी घोडीवर बसलेला डेलमर पुढे वाकला आणि त्याचं जॅकेट कमरेवरून वीतभर वर सरकलं.

“दिसलं,” मागे उभी असलेली नेल्डा म्हणाली. “होल्स्टरही दिसलं आणि बाकीही बरंच काही. शर्ट खोचत जा रे. चर्चच्या दारात उभा राहून लोकांचं स्वागत करणारा माणूस तू!”

नेल्डा मूळची खोगिरं शिवणारी. आता डोंगरात घोडे कमी नि गाड्या फार, म्हणून खोगीर ठेवायच्या लाकडी घोडीवर तिने मोटरसायकलची एक जुनी, दोघांची सीट ठोकून बसवली होती. पुढे गंजकं हँडल, खाली पाय टेकायला लोखंडी कांब. उभ्या माणसाच्या अंगावर गुमान राहणारं होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाचं चामडी म्यान, गाडीवर बसलं की कुठे रुततं, कुठून डोकावतं, ते या घोडीवर बसल्याशिवाय कळत नाही, असं तिचं म्हणणं. खरं पिस्तूल रिकामं करून दाराजवळच्या खणात ठेवायचं आणि घोडीवर लाकडी घेऊन बसायचं, हा दुकानाचा नियम. अमेरिकेतल्या ओझार्क डोंगरांच्या त्या भागातले सगळे गाडीवाले लाकडी पिस्तूल खोचून त्या घोडीवर बसून गेले होते. दौड कुठलीच नाही, पण ऐट सगळ्यांची तीच.

तिने एक नवं होल्स्टर त्याच्या पुढच्या बाजूला, पोटाशी लावून पाहिलं. डेलमर वाकला आणि कण्हला.

“इथे तुझी मांडी वर येते, पोट खाली येतं. मधल्या मध्ये माझ्या चामड्याचा जीव जायचा.” तिने ते काढून घेतलं. “पण मला सांग, जुन्याला काय झालं? ते तर मीच शिवलेलं. टाका उसवलेला नाही, टिचबटण घट्ट आहे.”

“टोचतं.”

“तुला?”

“ओपलला.” बायकोचं नाव घेताना त्याने नजर हँडलवर ठेवली. “मागे बसते ना. कमरेला हात घालते, तर तिला लागतं.”

“असं म्हणाली ती?”

“म्हणत काही नाही. गुडघे दुखतात म्हणते. ईस्टरपासून बसलीच नाही मागे.”

नेल्डाने ‘हं’ केलं आणि दोरा दाताने तोडला.

दर शनिवारी डेलमर दोन हेल्मेट घेऊन अंगणात उभा राही आणि एक पुन्हा खिळ्याला अडकवून एकटाच निघे. मागे ओपल नसली की गाडी वळणावर हलकी पडे. जन्मभराचं ओझं उतरलं की माणसाचा तोल जातो, तसं काहीसं. तिच्या हाताच्या आतल्या बाजूला एकदा निळसर डाग पाहिला होता, तेव्हापासून त्याने मनाशी घट्ट धरलं होतं, की दोष होल्स्टरचा. होल्स्टर बदललं की ती येईल.

“थांब, मी मागे बसून बघते,” नेल्डा म्हणाली. कमरेला हात देत ती घोडीवर चढली. “हसलास तर पाठीत आरी खुपसेन.”

जुनं होल्स्टर त्याने पुन्हा उजव्या कमरेला लावलं. लाकडी पिस्तूल आत सरकवलं, पट्टी ओढली, बटण दाबलं. नेल्डाने मागून दोन्ही हातांनी कमरेला विळखा घातला.

“लागतं खरं. मनगटाच्या जरा वर. पण मऊ अस्तर लावलं की झालं की! एवढ्याशानं कुणी नवऱ्याची पाठ सोडत नाही.” तिने खांद्यावरून डोकावून पाहिलं. “बरं, आता काढ.”

“काय काढू?”

“पिस्तूल, अजून काय? हात माझ्या हाताला अडकतो का बघू.”

डेलमरचा उजवा हात हँडलच्या मुठीवरून निघाला. अंगठा टिचबटणापर्यंत पोहोचला.

“थांब, थांब!” नेल्डा हसायला लागली. “अरे, तू बटणही उघडलं नाहीस आणि मला सगळं कळलं! आधी तुझा श्वास थांबला. मग खांदा मागे आला. मग कोपर माझ्या बरगडीशी. माझ्या हाताखाली तर शिराही ताठलेली कळली. जगापासून लपव काय लपवायचं ते. मागे बसलेलीपासून नाही लपत.”

डेलमरचा अंगठा बटणावरच राहिला.

ईस्टरच्या सुमाराची अशीच एक दुपार होती, ओपल मागे बसलेली. गाव संपतं तिथला सिग्नल लाल. मागे एक पिकअप ट्रक हॉर्न वाजवत होता. लाल असूनही वाजवत होता, थांबत नव्हता. मग दार आपटल्याचा आवाज. डावीकडच्या आरशात एक तरुण ढांगा टाकत येताना दिसला, दाढीवाला, हात हलवत, काहीतरी ओरडत. डेलमरचा अंगठा खाली गेला आणि बटण उघडलं. एवढासा आवाज, शेंग तडकावी तेवढा. पिस्तुलाच्या दांड्याने मूठ भरली. आणि तो तरुण ओपलच्या पायाशी वाकला.

“काकू, तुमचा स्कार्फ चाकात चालला होता,” तो धापा टाकत म्हणाला. “कधीचा हॉर्न देतोय मी. काकांना ऐकूच येईना.”

स्कार्फचं मळकं टोक त्याने तिच्या हातात दिलं. पिकअपच्या मागच्या सीटवर बाळाची खुर्ची होती. ती डेलमरला पिकअप शेजारून जाताना दिसली. त्याने मान हलवून आभार मानले, डाव्या बाजूला तोंड भरून हसला आणि उजव्या बाजूला, हळूच, बटण लावलं.

इंजिनाच्या आवाजात ते कुणाला ऐकू जाणार होतं? पोराने पाहिलं नाही. रस्त्याने पाहिलं नाही. पुढच्या रविवारी चर्चच्या दारात त्याने त्याच हाताने लोकांचे हात हातात घेतले. देवाने पाहिलं असेल, पण देव सांगत नाही, एवढा धीर त्याला उरला होता.

ओपलने स्कार्फ डाव्या हाताने घेतला होता. तिचा उजवा हात कुठे होता, हे इतक्या दिवसांत त्याने स्वतःला विचारलं नव्हतं.

“काय रे, झोपलास की काय घोडीवर?” नेल्डा म्हणाली.

डेलमरचे कान मानेपर्यंत तापले होते. “दुसरीकडे कुठे लावता येईल?” त्याने विचारलं. “तिला कळणार नाही असं?”

“छातीवर लाव, तिच्या तळव्याखाली येईल. पाठीला लाव, तिच्या पोटाला लागेल. काखेत लाव, तिचा दंड तिथेच. बुटात लावलंस तर गाडीवर बसून हात पोचायचा नाही.” नेल्डा खाली उतरली. “मिठीला कळणार नाही अशी जागा अंगावर नसते, डेलमर. मी चामडं शिवते. चमत्कार नाही करत.”

ती समोर आली, तेव्हा त्याचं तोंड तिला दिसलं. ती हसायची थांबली.

“अस्तर लावून देऊ का?” तिने हळू विचारलं.

“नको.”

त्याने लाकडी पिस्तूल तिच्या हातात दिलं. होल्स्टर पट्ट्यातून ओढून काढलं आणि फळीवर ठेवलं.

“हे राहू दे इथे.”

नेल्डाने ‘कधीपर्यंत’ असं विचारलं नाही. डेलमरने खणातलं रिकामं पिस्तूल उचललं आणि बाहेर गाडीच्या डिकीत टाकून कुलूप लावलं.

घरी येऊन त्याने ते आतल्या पेटीत ठेवलं आणि मग अंगणात आला. ओपल ओसरीवर घेवड्याच्या शेंगा मोडत बसली होती. डेलमरने दोन्ही हेल्मेट खिळ्यावरून काढली.

“चल, नदीवर कॅटफिश खाऊन येऊ.”

“गुडघे रे माझे—” ओपलने सुरुवात केली आणि ती थांबली. त्याने जॅकेट घातलेलं नव्हतं. शर्ट खोचलेला होता, शाळेच्या पोरासारखा. तिची नजर त्याच्या कमरेवरून फिरली. पट्ट्यावर उजवीकडे एक झिजलेला, फिकट डाग तेवढा होता.

तिने शेंगांचं पातेलं झाकलं. स्कार्फची दोन्ही टोकं कॉलरच्या आत खोचली. गाडीवर बसली, पण हात मागच्या दांडीला धरले.

गाव संपतं तिथे सिग्नल लाल झाला. डेलमरने दोन्ही हात हँडलवर ठेवले.

“ओपल, त्या दिवशी—”

“चांगला होता पोरगा,” ती म्हणाली.

“हो.”

मग मागून तिचा उजवा हात आला आणि त्याच्या पट्ट्यावर त्या फिकट जागी टेकला. ताप उतरला का ते बघायला कपाळावर हात ठेवावा, तसा. त्या हाताने धरलं काही नाही. नुसता होता.

सिग्नल हिरवा झाला, तरी डेलमर हलला नाही. हललो तर तो हात जाईल, असं त्याला वाटत होतं.

मागच्या गाडीने हॉर्न दिला. कमरेवरची बोटं एकदम ताठ झाली.

डेलमरने उजवा हात हँडलवरून उचलला आणि पाची बोटं उघडून, मागच्या गाडीची माफी मागत, डोक्याच्याही वर उंच धरला. तिच्या बोटांना कळेपर्यंत धरून ठेवला.