राहुलने पाहिलेला बर्फाचा किल्ला

राहुल परब जपानला जाऊन आला आणि लालबागच्या त्या चाळीला राहुल नकोसा झाला. वडापाव हातात घेतानाही तो हल्ली कमरेत वाकून आभार मानी.

तो मंडळाचा सेक्रेटरी. यंदाच्या गणपतीत जपानमधल्या एका जुन्या किल्लेगावाचा हिमोत्सव उभा करायचा, हे त्याने जाण्याआधीच ठरवून टाकलं होतं. रविवारच्या मीटिंगमध्ये प्रश्न उरला होता एकच. देखावा करायचा कुणी? तीस वर्षं लाकूड, कापड आणि कागदाच्या लगद्यातून देखावे उभारणाऱ्या दौलतकाकांनी, की राहुलच्या ओळखीच्या एलईडी पडदेवाल्याने?

दौलतकाका गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. मांडवात एकदा पडदे चढले की पुन्हा आपल्याला कुणी बोलावणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"पडद्यावर बर्फ पडताना दिसेल, काका. एकदम रिअल! तुमचा कापूस कुठे पुरणार?"

"बरं बाबा. काय बघून आलास ते तरी दाखव."

राहुलने फोन टीव्हीला जोडला. पहिल्या व्हिडिओत माकडटोपीतला राहुल, मागे बुरुजाचा तुकडा. दुसऱ्यात राहुल, बुरूज गायब. तिसऱ्यात राहुल बर्फात उड्या मारतोय. चौथ्यात राहुल नूडल्स खातोय. दौलतकाकांनी एकही व्हिडिओ थांबवू दिला नाही. चाळीतल्या पोरांना आकाशकंदील शिकवतानाही ते असेच गप्प बसत. उलटी लावलेली काडी ज्याची त्याला दिसेपर्यंत.

"किल्ला चांगला आहे हो," ते शेवटी म्हणाले. "तुझ्या डाव्या कानामागे जरासा दिसतो."

मागच्या बाकावरून खसखस पिकली.

"तिथे बर्फाचे दिवे असतात म्हणे. उंची किती?"

"मोठे होते काका. भारी होते."

"आत उजेड कुठून सोडतात?"

"आतच असतो ना तो!"

"आणि बर्फ वितळत नाही?"

"जपानी टेक्नॉलॉजी आहे, काका."

"अरे झिला, एवढ्या लांब जाऊन तू फक्त राहुलला भेटून आलास? तो तर आम्हांला चिवडा गल्लीतही भेटतो!"

राहुलचे कान लाल झाले, पण त्याने हार मानली नाही. "म्हणूनच पडदा बरा. त्याला असले प्रश्न पडत नाहीत."

अध्यक्ष रामदास घड्याळ बघू लागले. "काका, कुणीच नीट पाहिलेलं नाही, तर तुम्ही तरी बनवणार कशावरून?" दौलतकाकांना हसू मिळालं होतं, पण काम हातचं निसटत होतं.

"चार फूट," मागून आवाज आला. राहुलची बायको अनुजा. "माझ्या खांद्यापर्यंत."

"तू कधी मोजलंस?" राहुल म्हणाला.

"तू उड्या मारत होतास तेव्हा. एक बाई शाळेतल्या पोरांना घेऊन दिवा बांधत होत्या. त्यांनी माझ्या हातात फावडं दिलं. भाषा कळेना, पण काम कळत होतं." ती दौलतकाकांकडे वळली. "चार फळ्यांचा साचा असतो. त्यात बर्फ भरायचा, पायांनी तुडवायचा, पुन्हा भरायचा. मग फळ्या काढून वरच्या अंगाला खिडकी कोरायची. बर्फ भुसभुशीत राहिला तर कडा सुटतात, तांदळाच्या भाकरीसारख्या. जरा पाणी शिंपडावं लागतं."

जपानला दोन माणसं गेली होती, हे कमिटीत कुणालाच आठवलं नव्हतं. दौलतकाकांनाही नाही. राहुलसाठी मनात साठवलेल्या तुच्छतेतली थोडी त्यांनी मुकाट्याने स्वतःच्या वाट्याला घेतली.

"खिडकीला काय लावतात?"

"रंगवलेला कागद. आतून. मागे दिवा."

"रामदास," दौलतकाका म्हणाले, "राहुलच्या पडदेवाल्याला विचार जरा, कागद आतून की बाहेरून."

रामदासांनी कुणालाच विचारलं नाही. "किल्ला काका करतील," त्यांनी जाहीर केलं.

"करीन. पण उद्यापासून सकाळी अनुजा माझ्या कारखान्यात हवी. डोळे उघडे ठेवून गेलेलं एकच माणूस आहे आपल्याकडे."

"अहो पण काका," राहुल उठलाच, "सकाळचा डबा, नीलची शाळा..."

"ते तू करशील की," अनुजा म्हणाली. "नील कुठल्या तुकडीत आहे, माहितेय ना?"

राहुलने तोंड उघडलं, आणि सगळी कमिटी मान वळवून उत्तराची वाट बघू लागली.